पित्ताची पिशवी काढल्यावर पित्त जातं का? (नागपूर, आईचं ऑपरेशन)

टाकळीकर · ४ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आई ५९ वर्षांची. मार्चमध्ये कंबर दुखते म्हणून सोनोग्राफी केली. कंबरेचं काही सापडलं नाही, पित्ताशयात खडा मात्र सापडला. रिपोर्टात लिहिलंय: एकच खडा, १४ मिमी, पिशवीची भिंत नॉर्मल, पित्ताची मोठी नळी ४ मिमी. धंतोलीतले एक सर्जन म्हणाले, काढून टाका, आज ना उद्या त्रास देणारच. रामदासपेठेत दुसरं मत घेतलं तर ते म्हणाले, त्रास नाही ना, मग हात लावू नका. आता काय करावं?

आईला पित्ताचा त्रास वीस वर्षांपासून आहे. सकाळी आंबट ढेकरा, छातीत जळजळ, उन्हातून आली की डोकं धरून बसते. तिचा हिशोब सरळ आहे: पिशवी गेली की पित्तही गेलं, काढूनच टाका. उलट मोठी काकू सांगून राहिली की पिशवी काढली की अन्न पचत नाही, जन्मभर वरणभातावर राहावं लागतं. त्यात मे महिना. इथं पारा ४५ ला टेकलाय, टाके पिकतील म्हणून घरात अर्ध्या लोकांचा विरोध.

ज्यांचं झालंय त्यांनी खरं सांगा. नंतर कसं राहतं?

तर्रीबाज · ४ मे, रात्री १०.३१

माझ्या सासूबाईंची पिशवी २०१६ साली काढली. पित्त अजूनही खवळते. विशेषतः मी घरी उशिरा आलो की.

वऱ्हाडी_सून · ४ मे, रात्री १०.४८

तर्रीबाज 😄

माझं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. दुर्बिणीतून, चार छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी, आठव्या दिवशी ऑफिस. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखला, याची कल्पना कोणी दिली नव्हती. मला वाटलं टेबलावर हात वाकडा पडला असेल. नंतर कळलं की पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा आत राहतो आणि डायाफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, त्रास देतो. डायाफ्रामची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवस फेऱ्या मारल्या की ओसरतं. आता सगळं खाते. पाटोडी रस्सा पण.

निसर्गप्रेमी · ४ मे, रात्री ११.२०

ऑपरेशनची घाई कशाला? पाच दिवस सफरचंदाचा रस प्यायचा, सहाव्या दिवशी एप्सम सॉल्ट, रात्री अर्धी वाटी ऑलिव्ह तेल आणि तेवढाच लिंबाचा रस. सकाळी खडे पडतात. माझ्या साडूचे चाळीसच्या वर हिरवे खडे पडले, फोटो आहेत माझ्याकडे.

गांधीबाग_दवाबाजार · ४ मे, रात्री ११.४४

निसर्गप्रेमी दादा, ते चाळीस खडे उन्हात ठेवून पाहिले का? वितळतात. एका बाईंनी असेच 'खडे' डॉक्टरांना नेऊन दिले होते, ते प्रयोगशाळेत तपासले आणि २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर पत्र छापून आलं. तो साबण होता. तेलातली आम्लं आणि लिंबू-रसातलं पोटॅशियम मिळून आतड्यात साबणाचे गोळे तयार होतात. साडूंची सोनोग्राफी आधी आणि नंतर अशी दोनदा केली असेल तर ते रिपोर्ट टाका, फोटो नको.

माझं दुकान औषधांचंच आहे, म्हणून गोळीवाल्यांसाठीही लिहितो. अर्सोडिऑक्सीकोलिक अॅसिडची गोळी खपते भरपूर. ती फक्त कोलेस्टेरॉलच्या बारीक खड्यांवर चालते, तेही पिशवी नीट आकसत असेल तर. सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते आणि विरघळले तरी पाच वर्षांत निम्म्या लोकांचे खडे परत येतात. १४ मिमीला तिचा उपयोग जवळपास नाही. माझं गिऱ्हाईक कमी होईल, पण हे असं आहे.

निसर्गप्रेमी · ४ मे, रात्री ११.५२

साडूची नंतरची सोनोग्राफी केली नाही. गरजच वाटली नाही. पण त्याला बरं वाटतं, हे कसं नाकारणार?

सुईदोरा · ५ मे, सकाळी ७.०५

बत्तीस वर्षं पोटं उघडली, आता निवृत्त. इथं बसून कोणाच्या आईला तपासता येत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी शब्दाचा घोळ. आपण 'पित्त झालं' म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. आंबट ढेकर, जळजळ, सगळं जठरातलं. पित्ताशयात जे असतं ते वेगळं: यकृतात बनणारा हिरवट-पिवळा, कडू रस. तो दिवसाला अर्धा ते एक लिटर बनतो. पिशवी तो बनवत नाही, फक्त जेवणांच्या मधल्या वेळात साठवून घट्ट करते, आणि तेलतूप पोटात आलं की आकसून नळीवाटे आतड्यात सोडते. मावतं किती? ३० ते ५० मिली, चहाच्या अर्ध्या कपाहून कमी. पिशवी काढली की यकृताचं काम तसंच चालू राहतं, रस थेंबथेंब थेट आतड्यात उतरतो. म्हणून आईचा हिशोब चूक आणि काकूचाही चूक. आम्लपित्त या ऑपरेशननं जात नाही, आणि जन्मभर वरणभातही लागत नाही.

नंतर कसं राहतं, याचं उत्तर ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं असतं. खड्याचा म्हणून जो त्रास असतो, तो ऑपरेशननं जातो. जो त्रास खड्याचा नव्हताच, तो पिशवीसोबत बादलीत जात नाही. 'ऑपरेशन करूनही फरक नाही' म्हणत फिरणाऱ्यांमध्ये खूप जण असे पाहिलेत की ज्यांना गॅस आणि जळजळ होती, सोनोग्राफीत खडा दिसला आणि दोघांची गाठ मारली गेली.

म्हणून टाकळीकर, आईला नीट विचारा. कधी वरच्या पोटात, मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली, जोरात दुखलं का? अर्ध्या तासापासून काही तास टिकणारं, पाठीत किंवा उजव्या खवाट्यात जाणारं, उलटी झाली तरी न थांबणारं? जड जेवणानंतर, रात्री? कधी डोळे पिवळे, लघवी गडद, थंडी वाजून ताप? यातलं काहीच नसेल तर रामदासपेठेतले बरोबर. न दुखणारे खडे असलेल्या बहुतेक लोकांना पुढंही काही होत नाही. वर्षाला शंभरात दोन-चार जणांना त्रास सुरू होतो. पूर्वी मधुमेह असला की न दुखणारा खडाही काढायचे, आता नुसत्या तेवढ्यासाठी काढत नाहीत.

टाकळीकर · ५ मे, सकाळी ९.३०

काका, धन्यवाद. आईला विचारलं. म्हणते तसं कधी दुखलं नाही, फक्त ॲसिडिटी. मग थांबायचं ठरतंय.

निंबोणी · ५ मे, दुपारी १.१५

मी दुसरी बाजू सांगते, कारण सगळे 'दुसऱ्या दिवशी घरी' एवढंच लिहितात.

माझं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी. खडे खरे, दुखणंही खरं, दोनदा ॲडमिट झाले होते. ऑपरेशन उत्तम झालं. पण तिसऱ्या आठवड्यापासून जेवलं की दहा मिनिटांत पळापळ. नाश्ता झाला की पळ, चहा झाला की पळ. सीताबर्डीला खरेदीला जायचं तर आधी कोणत्या दुकानात सोय आहे त्याचा नकाशा डोक्यात. लग्नकार्यात उपाशी राहायचे. दीड वर्ष मला सांगितलं गेलं की हे टेन्शनमुळं आहे, योगा करा. मी योगाही केला. योगवर्गातूनही पळाले.

शेवटी पोटाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की पित्तरस सतत उतरत असल्यानं त्यातली आम्लं मोठ्या आतड्यात जास्त पोचतात आणि जुलाब होतात. कोलेस्टायरामीनची पावडर दिली, ती ही आम्लं बांधून ठेवते. चव म्हणजे ओल्या वाळूसारखी, पण चार दिवसांत फरक. आता आठवड्यातून दोनदाच घेते. एक काळजी: बाकीच्या गोळ्या तिच्या आधी तासभर किंवा नंतर चार तासांनी घ्यायच्या, नाहीतर त्याही बांधल्या जातात. माझी थायरॉइडची गोळी अशीच वाया जात होती.

ऑपरेशनचा पश्चात्ताप नाही. त्या दुखण्यापुढं हे काहीच नाही. राग येतो तो दीड वर्षाचा.

सुईदोरा · ५ मे, दुपारी २.४०

निंबोणीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. साधारण दहात एकाला असं काहीसं होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बसतं, काहींचं राहतं. आम्ही सर्जन टाके काढले की पेशंट विसरतो, हा आमचा दोष.

अजनीवाला · ५ मे, सायं ६.२०

माझा किस्सा. पिशवी काढली, सहा महिने मजेत. मग एक दिवस ड्यूटीवर असताना तेच जुनं दुखणं, तीच जागा. मी म्हटलं, पिशवीच नाही तर दुखते काय? बायको म्हणाली डोळे हळदीसारखे दिसून राहिले. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, सात. एमआरसीपी (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) केला तर मोठ्या नळीत खडा बसलेला. तो बहुधा ऑपरेशनच्या आधीच पिशवीतून घसरून गेला होता. मग तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड कापून खडा काढला, ईआरसीपी म्हणतात त्याला. वाट मोकळी राहावी म्हणून एक प्लास्टिकचा स्टेंट टाकला, तो दोन महिन्यांनी काढला. स्टेंट काढायची तारीख विसरू नका राजेहो, तो आत राहिला की तुंबते.

म्हणून रिपोर्टात नळीचा आकडा पाहा. टाकळीकरांच्या आईची ४ मिमी आहे, म्हणजे चांगली. लिव्हरची रक्ततपासणी केली का?

तर्रीबाज · ५ मे, सायं ६.४५

मले एक समजत नाही. किडनीच्या खड्याले मशिनीनं फोडते, बीअर प्या म्हणते, पाडून टाकते. इथं एक खडा आहे तर पूर्ण पिशवीच काहून काढायची? घरात उंदीर निघाला म्हणून घर पाडाचं का?

सुईदोरा · ५ मे, रात्री ८.१०

बीअर कोण सांगतं तेही एकदा कळू द्या. 😄

किडनीतला तुकडा लघवीच्या वाटेनं बाहेर पडतो. इथली वाट अरुंद, शेवटी स्वादुपिंडाच्या नळीला मिळते. फोडलेला तुकडा तिथं अडकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज, आणि ती सूज जिवावर बेतू शकते. एकेकाळी फोडूनही पाहिलंय, नुसते खडे वेचून पिशवी शिवूनही पाहिलंय. खडे परत होतात. खडा हे फळ आहे, झाड पिशवी. शिवाय उंदराचं म्हणाल तर रॅटला पित्ताची पिशवीच नसते.

चष्मा · ५ मे, रात्री ९.२५

रॅटला नसते, पण छोट्या माऊसला असते! घोड्याला नसते, हत्तीला नसते, कबुतरालाही नसते. हत्तीचं पोट बघा, काही अडलंय का त्याचं.

इतिहासात डोकावतो, कंटाळा आला तर पुढं सरका. १८८२ च्या जुलैत बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पूर्ण पिशवी काढली. पेशंट ४३ वर्षांचा, कित्येक वर्षं दुखण्यानं गांजलेला. तोपर्यंत सर्जन पिशवीला भोक पाडून खडे काढायचे, आणि ते भोक वाहत राहायचं. मग शंभर वर्षं बरगडीखालचा लांब काप हीच रीत. १९८५ मध्ये जर्मनीतच बोब्लिंगन गावात एरिच म्यूहे यांनी दुर्बिणीतून पिशवी काढली, तर त्यांच्याच सर्जन मंडळींनी खिल्ली उडवली. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी केलं आणि मग जगभर लाट आली. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी सुरुवात केली. म्हणजे टाकळीकरांच्या काकूंच्या पिढीनं जी ऑपरेशनं पाहिली, ती वीतभर कापाची, आठ-दहा दिवस खाटेवर पडून राहायची. त्यांची भीती त्या काळातली आहे.

वऱ्हाडी_सून · ५ मे, रात्री ९.५०

अगदी. माझ्या आजेसासूच्या पोटावर तो काप होता, घरातली नातवंडं त्याला 'आगगाडी' म्हणायची.

आणि उन्हाळ्यात टाके पिकतात हेही त्या कापाचंच. मोठी जखम, घाम, पंखा बंद, वीज गेलेली. आताची छिद्रं ५ आणि १० मिमीची. माझं २० मे ला झालं होतं, कूलरसमोर झोपून आंबे खाल्ले.

मुक्काम_पुणे · ५ मे, रात्री १०.०५

नागपूरकरांनी सावजी आणि तर्री सोडली तर निम्मे खडे होणारच नाहीत, असं माझं नम्र मत.

तर्रीबाज · ५ मे, रात्री १०.०७

आले. कोणी दार उघडं ठेवलं होतं?

इतवारी_एक्स्प्रेस · ५ मे, रात्री १०.३०

मुक्काम_पुणे, सावजी तिखट आहे, दोष तिखटाला देऊ नका. मिरचीनं खडे होत नाहीत. आमच्या आजोबांच्या घरी सावजी जवसाच्या तेलात व्हायची, कोष्टी माणूस दिवसभर मागावर बसून तेच खायचा आणि शिडशिडीत राहायचा. आता हॉटेलात वर चार बोटं तेल तरंगतं, ती गोष्ट वेगळी. माझे स्वतःचे खडे तर सावजी सोडल्यावर झाले! चार महिन्यांत १८ किलो वजन उतरवलं, रात्रीचं जेवण बंद, तेल बंद, तूप बंद. पाचव्या महिन्यात खडे. डॉक्टर म्हणाले, झपाट्यानं वजन उतरलं की यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं, आणि तेलतूपच नाही तर पिशवी आकसत नाही, रस साचून राहतो. मेहनत करून रोग विकत घेतला.

मुक्काम_पुणे · ५ मे, रात्री १०.३८

शब्द मागे. पुढच्या महिन्यात नागपूरला येतोय, चांगली सावजी कुठं मिळेल?

गडचिरोली_ते_नागपूर · ६ मे, सकाळी ८.१५

हा मुद्दा कोणीच काढला नाही, म्हणून लिहितो. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, आपण विसरतो. माझ्या पुतण्याला १३ व्या वर्षी खडे निघाले. बारीक पोर, तेलकट खात नाही, तरी. सिकलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन जास्त तयार होतं आणि त्याचे काळे खडे होतात. त्याचं पोट दुखलं की आम्ही 'सिकलचाच झटका' म्हणून सलाइन लावून आणायचो. दोन वर्षं असं चाललं. मग सरकारी मेडिकल कॉलेजात सोनोग्राफी झाली तेव्हा उलगडा. ऑपरेशनआधी रक्त चढवलं, सलाइन चालू ठेवलं, अंग थंड पडू दिलं नाही, कारण भुलीत ऑक्सिजन कमी पडला की झटका येतो. आता पोरगा बारावीत आहे. सिकलचं दुखणं येतं अधूनमधून, पण जेवणानंतरचं ते दुखणं गेलं.

घरात सिकल असेल तर भूलतज्ज्ञाला पहिल्या भेटीतच सांगा.

टाकळीकर · ६ मे, रात्री ९.४०

मंडळी, घरात स्फोट झालाय.

काल बाबांना सुईदोरा काकांचे प्रश्न वाचून दाखवत होतो. बाबा म्हणाले, आणि डिसेंबरमध्ये कामठी रोडच्या लॉनवरून रिसेप्शनहून आलो तेव्हा काय झालं होतं? आई गप्प. झालं असं की त्या रात्री दीड वाजता तिला छातीखाली असं दुखलं की ती जमिनीवर पालथी पडली. उलट्या. पाठीत कळ. मी तेव्हा हैदराबादला होतो. बाबांना वाटलं हार्ट, धावत दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, एक इंजेक्शन दिलं, 'गॅस' म्हणून पहाटे घरी पाठवलं. फेब्रुवारीत हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी परत, यावेळी दोन तास, आणि तिनं कोणालाच उठवलं नाही. सोडा पिऊन बसून राहिली. मला सांगितलं नाही, कारण 'तुझी नोकरी नवीन, उगाच टेन्शन'.

मी दोन्ही डॉक्टरांना 'काही त्रास नाही' असं छातीठोकपणे सांगून आलो होतो.

निंबोणी · ६ मे, रात्री ९.५५

आया. सगळीकडच्या सारख्या.

सुईदोरा · ६ मे, रात्री १०.२०

आता प्रश्नच बदलला. दोन वेळा ठरावीक कळ आणि सोबत खडा म्हणजे हा 'न दुखणारा खडा' नाही. असा झटका एकदा आला की पुन्हा येण्याची शक्यता बरीच, आणि पुढचा नुसती कळ म्हणूनच थांबेल याची खात्री नाही. रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे परत जा, हे सगळं सांगा. मला वाटतं तेही मत बदलतील. लिव्हरची रक्ततपासणी लागेलच, अजनीवाल्यांनी सांगितलं ते बरोबर.

मधल्या काळात कळ आली आणि पाच-सहा तासांत थांबली नाही, किंवा ताप, कावीळ दिसली, तर तडक ॲडमिट. पूर्वी आम्ही सुजलेली पिशवी 'थंड होऊ द्या' म्हणून सहा आठवडे थांबायचो. आता उलट, सूज आल्यावर पहिल्या काही दिवसांतच काढलेली बरी असं मानतात. नंतर सगळं चिकटून बसतं.

टाकळीकर · ६ मे, रात्री १०.४५

काका, एक भीती आहे. ऑफिसातल्या एकाच्या नात्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनात चुकीची नळी कापली गेली, पुढं दोन मोठी ऑपरेशनं झाली. असं कितपत होतं?

सुईदोरा · ७ मे, सकाळी ६.५०

होतं. हजारात तीन ते पाच, असा ढोबळ आकडा. कमी आहे, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याचं आयुष्य ढवळून निघतं, म्हणून लपवत नाही.

पिशवीची छोटी नळी मोठ्या नळीला मिळते, तिथं शेजारीच पिशवीची धमनी. सूज असली की सगळं एकमेकांत लगदा होऊन बसतं आणि मोठी नळीच छोटी वाटते. ती डोळ्यांची फसगत असते, हात थरथरल्याची चूक नव्हे. म्हणून नियम असा की तो भाग पूर्ण मोकळा करून, पिशवीकडे फक्त दोनच गोष्टी जाताहेत असं दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. दिसत नसेल तर थांबायचं: थोडी पिशवी मागं ठेवायची, नाहीतर पोट उघडायचं. सर्जनना हे विचारा, 'अवघड निघालं तर काय कराल?' जो म्हणेल 'ओपन करीन, तशी सही आधीच द्या', त्याच्यावर भरवसा ठेवा. बाहेर येऊन 'ओपन करावं लागलं' म्हणाला तर ऑपरेशन फसलं असं समजू नका. माझ्या आयुष्यातले काही सर्वांत चांगले निर्णय तेच होते, आणि नातेवाइकांनी तोंड वाकडं केलं ते वेगळं.

गांधीबाग_दवाबाजार · ७ मे, दुपारी १२.१०

पैशाचं कोणी बोललं नाही. मेडिक्लेम नवीन असेल तर पॉलिसी वाचा, बऱ्याच पॉलिसींत पित्ताच्या खड्याला दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो. आणि डिसेंबरचं दुखणं लपवू नका, केसपेपरवर आलं की क्लेम अडकतो. पॉलिसी नसेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, महात्मा फुले योजनेत कुठं काय बसतं ते तोच सांगेल.

टाकळीकर · १३ जून, रात्री ८.३०

अपडेट. उशीर झाला, माफी.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून फक्त एवढंच विचारलं, 'हे मला एप्रिलमध्ये का नाही सांगितलं?' लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आले. २९ मे ला ऑपरेशन झालं, पाऊण तास म्हणाले होते, दोन तास लागले. पिशवी आतून चिकटलेली होती. बाहेर बसून त्या दोन तासांत मी हा धागा तीनदा वाचला, 'चुकीची नळी' वाला भाग वाचायला नको होता. दुर्बिणीतूनच झालं. आतलं पाणी बाहेर यायला एक ड्रेन (नळी) ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी काढला. तिसऱ्या दिवशी घरी. खांदा दुखला, वऱ्हाडी_सून ताईंमुळं आम्ही घाबरलो नाही. टाके पिकले नाहीत, बाहेर ४४ असताना.

पिशवीचा तपासणी रिपोर्ट आला: जुनी सूज, कॅन्सर नाही. तो आणायला विसरू नका, आमचा काउंटरवर दहा दिवस पडून होता.

चष्मा · १३ जून, रात्री ८.५५

कापलेली नळी आणि धमनी बंद करायला लावतात त्या क्लिपा आत राहतात ना? पुढं एमआरआय चालतो का?

सुईदोरा · १३ जून, रात्री ९.१०

बहुतेक वेळा टायटॅनियमच्या असतात, जन्मभर राहतात, एमआरआय चालतो. विमानतळावरही वाजत नाहीत. तरी एमआरआयच्या फॉर्मवर लिहा.

टाकळीकर · ४ ऑगस्ट, रात्री ९.१५

शेवटचं अपडेट, कारण मूळ प्रश्न राहिलाच होता.

दोन महिने झाले. ती कळ परत आली नाही. नागपंचमीचं सगळं खाल्लं, काही झालं नाही. सुरुवातीचे तीन आठवडे जेवणानंतर पोट ढिलं होतं, आपोआप बसलं, निंबोणीताईंची पावडर लागली नाही.

पित्त? आहे. सकाळी आंबट ढेकर, उन्हातून आली की डोकं, सगळं जागच्या जागी. आई आठवडाभर रुसली होती, 'मग काढली कशाला' म्हणून. आता जळजळीची गोळी वेगळी घेते, रात्रीचा चहा बंद केला, तर निम्मं कमी झालंय. काकूला अजून पटलेलं नाही. ती रोज फोन करून विचारते, 'आज काय पचलं?'

तर्रीबाज · ४ ऑगस्ट, रात्री ९.२२

खडा कुठंय? ते सांगा आधी.

टाकळीकर · ४ ऑगस्ट, रात्री ९.३०

शोकेसमध्ये, माझ्या शाळेच्या कॅरम ट्रॉफीशेजारी, औषधाच्या बाटलीत. पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवते. ट्रॉफीबद्दल आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं, आता खड्यामुळं विचारतात.

मुक्काम_पुणे · ४ ऑगस्ट, रात्री ११.०५

अभिनंदन. सावजी खाऊन आलो, दोन दिवस बोलू शकलो नाही. याच धाग्यात विचारतो: माझ्या सोनोग्राफीत खडा नाही, पण पिशवीत ६ मिमीचा पॉलिप (आतल्या भिंतीवरची छोटी वाढ) लिहिलाय. काढावी लागेल का?

सुईदोरा · ५ ऑगस्ट, सकाळी ६.४०

सहसा १० मिमीच्या वर गेला तर काढतात. त्याखाली वय आणि बाकीच्या गोष्टी बघून ठरावीक काळानं सोनोग्राफी. तुमचे डॉक्टर वेळापत्रक देतील. पोट दुखतं का?

मुक्काम_पुणे · ५ ऑगस्ट, सकाळी ७.१५

सावजीनंतर दुखलं.

सुईदोरा · ५ ऑगस्ट, सकाळी ७.२०

ते धरत नाही. नवीन धागा काढा.